उत्तर आहे, सनद कुठे?

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गट साधन केंद्रात विज्ञान शिक्षकांचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. विषय होता कृत्रिम बुद्धिमत्ता. उर्दू माध्यमाचे आम्ही पाच-सहा जण नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत बसलो होतो. मार्गदर्शकांनी मोबाईल पडद्याला जोडला आणि आठवीच्या एका धड्याचे पाठटाचण मागितले. अर्ध्या मिनिटात उद्दिष्टे, साहित्य, कृती, मूल्यमापन, गृहपाठ असे सारे पडद्यावर ओळीने उतरले. सभागृहात ‘वा’ असा आवाज उठला. त्यात आमचाही आवाज होता. टाचणवहीने ज्यांच्या रात्री खाल्ल्या आहेत त्यांनाच तो ‘वा’ कळेल. परतताना एसटीत एक सहकारी म्हणाला, “चला, आता झोप तरी मिळेल.” सगळे हसले.

पण पडद्यावर आलेले ते टाचण बरोबर होते का, हे त्या दिवशी कोणीही विचारले नाही. ना पुढच्या रांगेने, ना आम्ही. विज्ञान शिकवणाऱ्या चाळीस-पन्नास माणसांच्या खोलीत एकालाही तो प्रश्न सुचू नये, याचा अर्थ काय? तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. म्हणून हे लिहिणे.

आम्ही मराठवाड्यातली माणसे. घरी दखनी, बाजारात मराठी, शाळेत उर्दू आणि आता हातातल्या मोबाईलमध्ये इंग्रजी. कृत्रिम बुद्धिमत्तेला उर्दूत ‘मसनूई जहानत’ म्हणतात. स्टाफरूममध्ये या शब्दावरून थट्टाही झाली. एक जण म्हणाला, आपल्याकडे अस्सल जहानतीला कोण विचारतो, की आता मसनूई आली! थट्टा सोडली तर या वस्तूबद्दल आम्हा शिक्षकांची समज काय आहे? आम्ही एकमेकांना विचारत गेलो तेव्हा तीन समजुती पुढे आल्या. पहिली, आत एक प्रचंड ग्रंथालय आहे आणि हे यंत्र त्यातून नेमके पान काढून देते. दुसरी, हे यंत्र गणकयंत्राच्या कुळातले आहे, तेव्हा ते चुकणार नाही. तिसरी, त्याला आपले म्हणणे समजते, कारण ते किती अदबीने बोलते!

तिन्ही समजुती अपुऱ्या आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि त्यानंतर अशी अनेक यंत्रे आली. त्यांचे मूळ काम एक शब्द झाला की पुढे कोणता येण्याचा संभव जास्त, याचा हिशेब करणे हे आहे. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरातून त्यांनी शब्दांच्या संगतीचे नमुने टिपलेले असतात. त्या नमुन्यांतून वाक्य घडते. काही यंत्रे आता इंटरनेटवर शोधही घेतात आणि संदर्भही देतात. पण वाक्य गुळगुळीत असणे आणि ते खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्याच्या सफाईला समज मानण्याची आपली खोड जुनी आहे. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा एक साधा कार्यक्रम जाहीर केला. तो समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारत असे. तरी माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली आणि हे पाहून वायझेनबाउम स्वतःच अस्वस्थ झाले. पुढे ते या यंत्रांच्या वापराचे कठोर टीकाकार बनले. बनवणाऱ्याला जी अस्वस्थता वाटली ती वापरणाऱ्या शिक्षकाला वाटू नये?

आता जे घडले ते सांगतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीच्या वर्गात आम्ही मेणबत्तीचा प्रयोग घेतला. हा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा पेला पालथा घालायचा. थोड्या वेळाने मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढते. आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो की ज्वलनाने ऑक्सिजन संपला, त्याची जागा रिकामी झाली आणि ती जागा पाण्याने भरली. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणजे पाचवा भाग, म्हणून पाणीही पेल्याच्या पाचव्या भागापर्यंत चढते. आम्हालाही असेच शिकवले गेले होते. बी.एड.च्या सराव पाठात आम्ही हाच प्रयोग घेतला होता आणि चांगले गुण मिळवले होते.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, ऑक्सिजन तो जलते वक्त खतम हुआ ना? फिर पानी बुझने के बाद क्यों चढा?”

आम्ही तिला खाली बसवले. रागावलो नाही, पण बसवले. घंटा व्हायला पाच मिनिटे होती आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते.

रात्री आम्ही यंत्राला विचारले, उर्दूतून. त्याने मोठ्या आत्मविश्वासाने तेच सांगितले जे आम्ही वर्गात सांगितले होते. ऑक्सिजन संपतो, पोकळी होते, पाणी चढते. आम्हाला बरे वाटले. मग मुलीचा प्रश्न जसाच्या तसा घातला. यंत्राने माफी मागितली आणि दुसरे कारण दिले. आम्ही पुन्हा लिहिले, “पण ऑक्सिजनचेच कारण बरोबर आहे ना?” त्याने पुन्हा माफी मागितली आणि पहिल्या कारणावर परत आले! त्याच रात्री तोच प्रश्न आम्ही इंग्रजीतून तपशीलवार विचारला, तेव्हा मात्र सरळ आणि चांगले उत्तर आले. उर्दूत लिहिलेला मजकूर इंग्रजीच्या मानाने थोडा, त्यामुळे यंत्राची उर्दूही तोकडी. म्हणजे ज्याची भाषा दुबळी त्याला उत्तरही दुबळे. गरिबाला मिळणाऱ्या धान्यात खडे जास्त असावेत तसे.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पेला तोच, म्हणजे आतली हवा तेवढीच आणि ऑक्सिजनही तेवढाच. ऑक्सिजन हेच कारण असते तर पाणी तेवढेच चढायला हवे होते. ते स्पष्टपणे जास्त चढले. पेला ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडतानाही मुलांनी पाहिले. मग सारे उलगडत गेले. ज्योतीने हवा तापते, प्रसरण पावते, थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की आतली हवा थंड होते, आकसते, ज्वलनात झालेली वाफही निवून पाणी होते. आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजन खर्च होतो हे खरे, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो, आणि मेणबत्ती विझते तेव्हाही आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. पाचव्या भागाचा हिशेब हा योगायोग होता आणि आम्ही त्याला पुरावा समजत होतो.

या प्रसंगातून यंत्र खोटे आणि आम्ही खरे असा निष्कर्ष कोणी काढू नये. खोटे तर आम्हीही शिकवत होतो. यंत्राने चूक बनवली नाही. चूक माणसांनी आधीच असंख्य पुस्तकांत आणि गाइडांत लिहून ठेवली होती. यंत्राने तिची बेरीज करून परत दिली. जे जास्त वेळा लिहिले गेले ते त्याला जास्त संभवनीय वाटले.

इथे आमच्या वाचकांना एक जुनी गोष्ट आठवेल. इल्म मिळवण्यासाठी चीनपर्यंत जा, अशा अर्थाचे वचन आपल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर हदीस म्हणून रंगवलेले आहे. गॅदरिंगमध्ये पाहुणे ते हमखास ऐकवतात. पण अनेक मुहद्दिसांनी त्याची सनद कमजोर ठरवली आहे आणि इब्नुल जौझींनी तर ते बनावट वचनांच्या संग्रहात घातले आहे. आशय कितीही चांगला असो, ते कोणी कोणाकडून ऐकले ही साखळी तपासल्याशिवाय ते रसूलुल्लाहांच्या नावावर घालायचे नाही, हा त्या विद्वानांचा बाणा होता. लोकांच्या जिभेवर असलेली पण सनद नसलेली वचने निवडून काढण्यासाठी पंधराव्या शतकात इमाम सखावींनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मशहूर असणे आणि सही असणे या दोन गोष्टी आहेत, हे आपल्या परंपरेने इतक्या काटेकोरपणे ओळखले होते. आणि आम्ही तिचे वारस म्हणवणारे, यंत्राने अदबीने सांगितले म्हणून मान डोलावतो! यंत्राच्या उत्तरात मशहूर भरपूर आहे. सनद कुठे आहे?

विज्ञानातली सनद अर्थातच वेगळी. तिथे रावींच्या साखळीने भागत नाही, अखेर प्रयोगापाशी यावे लागते. इब्नुल हैसम यांचा जन्म सुमारे ९६५ साली बसऱ्यात झाला. प्रकाशावरचा त्यांचा ‘किताबुल मनाजिर’ हा सात भागांचा ग्रंथ जगाला ठाऊक आहे. पण त्यांनी बतलमियूस, म्हणजे टॉलेमीच्या मतांवरील शंकांचेही एक पुस्तक लिहिले. थोरांच्या ग्रंथांवर विसंबणे हा सत्यशोधकाचा मार्ग नाही, त्याने वाचलेल्या प्रत्येक गोष्टीवर शंका घ्यावी आणि शंका घेताना स्वतःच्या समजुतीलाही सोडू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ज्या मुलीला आम्ही खाली बसवले तिने त्या दिवशी नेमके हेच केले होते. पुस्तक, सर आणि नंतर आमचे यंत्र हे तिघेही एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला फक्त तिचे डोळे होते.

आमचे गणिताचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सारे बडे सर म्हणतो, त्यांना हे सारे अतिशयोक्त वाटते. त्यांचे म्हणणे असे. एका वर्गात साठ मुले, प्रयोगशाळेच्या नावाखाली एक कपाट, त्याची किल्ली कारकुनाकडे. मुलांच्या घरी विचारायला कोणी शिकलेले नाही. शिकवणीला पैसे नाहीत. अशा मुलाला रात्री दहा वाजता कोणी न रागावता दहा वेळा समजावून सांगत असेल, तर तुम्ही सनदीच्या गोष्टी करून त्याच्या तोंडचा घास काढणार का? पुस्तकात चुका नसतात? तुमच्यात नव्हत्या? मग यंत्राकडूनच निर्दोषपणाची अपेक्षा का?

हा आक्षेप हलका नाही. बडे सरांनी सांगितलेला मुलगा आम्हाला रोज दिसतो. यंत्र चुकते म्हणून ते वर्ज्य करा, असे म्हणण्याचा अधिकार चुकणाऱ्या आम्हाला नाही. पण फरक एका ठिकाणी आहे. शिक्षक चुकला तर त्याला दुसऱ्या दिवशी त्याच साठ डोक्यांसमोर उभे राहावे लागते. त्याला शरम वाटते. ती शरम हीच त्याच्या शब्दाची हमी आहे. यंत्राने एका रात्रीत आमची दोनदा माफी मागितली, पण त्या माफीची किंमत शून्य होती, कारण त्याला गमावण्यासारखे काही नव्हते. जबाबदारी घेऊ शकत नाही अशा कोणाचे उत्तर जेव्हा आपण वर्गात आणतो तेव्हा ती जबाबदारी हवेत विरत नाही, ती आपल्या मानेवर येते. इल्म ही अमानत आहे असे आपण म्हणतो. अमानत सांभाळणाऱ्याला ‘मला दुसऱ्याने दिली तशी मी पुढे दिली’ असे म्हणून सुटता येत नाही. निदान उघडून पाहावी तरी लागते.

आणि उघडून पाहायचे म्हटले की आमचीच झाकलेली पाने उघडतात. आज मुले प्रकल्पवहीतला निरीक्षण तक्ता यंत्राकडून भरून आणतात, प्रयोग न करताच. आम्ही संतापतो. पण यंत्र येण्यापूर्वी काय होते? मागच्या वर्षीची जर्नल उतरवून काढणे होते. लोलकाचे वाचन गाइडातून घेणे होते. प्रयोगातून आलेले उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर ते खोडून ‘बरोबर’ उत्तर लिहायला सांगणारे आम्हीच होतो. तपासताना आम्ही आकडे पाहत नव्हतो, अक्षर पाहत होतो. मुलांनी खोटे वाचन लिहायला यंत्राकडून नाही, आमच्याकडून शिकले. यंत्राने ते फक्त सोपे आणि सुवाच्य करून दिले. तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेने विज्ञानशिक्षण बिघडेल का, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो. जे बिघडेल म्हणून आपण घाबरतो ते आपल्याकडे होते का?

भाषेचाही एक धडा यात आहे. आम्ही यंत्राकडून दहावीच्या प्रकाशाच्या धड्यावर उर्दू टिपण मागवले. मराठीत ज्याला अपवर्तन म्हणतात त्याला उर्दूत ‘इनइताफ’ म्हणतात. यंत्राने एका परिच्छेदात इनइताफ लिहिले आणि पुढच्याच परिच्छेदात ‘इनकिसार’ हा आजच्या अरबीतला शब्द घातला. वाचणाऱ्या मुलाला वाटावे की या दोन वेगळ्या घटना आहेत. १९१७ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठासाठी दारुल तर्जुमा स्थापन झाले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. विज्ञानाची, वैद्यकाची, अभियांत्रिकीची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी तिथे विद्वान एकेका शब्दावर वाद घालत. वहीदुद्दीन सलीम यांनी पारिभाषिक शब्द कसे घडवावेत यावर १९२१ साली एक ग्रंथच लिहिला. शब्द घडवायचा तर आधी संकल्पना समजावी लागते, आणि तो शब्द मुलाच्या तोंडात रुळेल का याची काळजी वाहावी लागते. १९४८ नंतर उस्मानियातली उर्दूची ती व्यवस्था संपली. आज यंत्र एका क्षणात पानेच्या पाने उर्दू करते. ही सोय आम्ही नाकारत नाही. पण जर आम्ही उर्दू शिक्षकांनी ते पान वाचून, शब्द तपासून, दुरुस्त करून दिले नाही, तर उद्याची यंत्रे हीच गोंधळलेली उर्दू वाचून शिकतील आणि आमच्या मुलांना परत देतील. चुकीला पुन्हा नवी सनद मिळेल.

मग करायचे काय? वैज्ञानिकांनी काय केले ते पाहू. प्रथिनांचा आकार ओळखणारे ‘अल्फाफोल्ड’ हे यंत्र बनवणाऱ्या हसाबिस आणि जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण जगाने त्या यंत्रावर विश्वास ठेवला तो त्याच्या बोलण्यावरून नाही. प्रयोगातून कळलेले पण अजून जाहीर न झालेले प्रथिनांचे आकार आधी ओळखून दाखवायचे, अशी एक परीक्षा दर दोन वर्षांनी होते. २०२० साली त्या परीक्षेत ते उतरले तेव्हा विश्वास बसला. आधी कसोटी, मग भरवसा. आठवीच्या वर्गालाही हाच नियम का नसावा?

आमच्या शाळेत आम्ही तीन शिक्षकांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. सदर मुदर्रिस साहेबांनी मान्यता दिली. यंत्राकडून घेतलेले टाचण वर्गात नेण्यापूर्वी त्यातला प्रयोग स्वतः करून पाहायचा. महिन्यातून एकदा यंत्राचे एक उत्तर फळ्यावर लिहायचे आणि ते कसे तपासता येईल, हे मुलांनाच विचारायचे. जर्नलमध्ये पुस्तकाशी न जुळणारे पण खरे वाचन आले तर त्याला गुण कापायचे नाहीत. आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे सांगायचे. इमाम मालिकांसारखा माणूस दूरवरून आलेल्या प्रश्नकर्त्याला कितीतरी प्रश्नांवर ‘ला अद्री’, मला ठाऊक नाही, असे सांगत असे, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. सहज उत्तर देत राहणाऱ्या यंत्राच्या जमान्यात शिक्षकाने जपावे असे वाक्य हेच असेल.

एक ओझे मात्र उतरत नाही. यंदा ईदला आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. शहरात शिकवणी वर्ग चालवतो. बोलता बोलता मेणबत्तीची गोष्ट निघाली. तो म्हणाला, “सर, मी तर अजून ऑक्सिजनचेच सांगतो. तुम्हीच शिकवले होते.” त्याने ते मोठ्या आदराने म्हटले. शीरखुर्म्याची वाटी हातात तशीच राहिली. आमच्या आधी कोणी आम्हाला, आम्ही त्याला, तो आणखी शंभरांना. ही सुद्धा एक साखळीच होती आणि तिच्यातली एक कडी आम्ही होतो.

आम्ही त्याला तिथेच स्वयंपाकघरातून पेला, ताटली आणि तीन मेणबत्त्या आणून प्रयोग करून दाखवला. त्याने मोबाईलवर त्याचे चित्रण केले. जाताना म्हणाला, सोमवारी मुलांना सांगतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही त्या मुलीला, ती आता नववीत आहे, वर्गासमोर बोलावले आणि म्हणालो, “बेटा, उस दिन तुमने सही पूछा था. हमने तुम्हें बिठा दिया था, वो गलत था.” वर्ग क्षणभर गप्प झाला. मग मागून एका मुलाने हात वर केला आणि विचारले, “सर, और क्या क्या गलत पढाया है?”

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण तो प्रश्न आम्ही वहीत लिहून ठेवला आहे.